गिअरबॉक्सने खाली उतरावं

गिअर बदलायला माणसाला किती वेळ लागावा, याचा मी उभ्या आयुष्यात कधी विचार केला नव्हता. गिअर बदलायची वेळ आली की बदलावा, आणि बदलून झाला की पुढची वेळ येईपर्यंत गप्प बसावं, एवढंच माझं तत्त्वज्ञान. पण आमच्या मेहुण्याच्या कृपेने मला तो प्रश्न पडला, आणि मला एखादा प्रश्न पडला की तो हळूहळू आमच्या सगळ्या इमारतीला पडतो. या वेळी तर तो दारावरची बेल वाजवून पडला.

पण आधी मूळ दुखणं सांगतो. माझी बायको वाचनालयात काम करते. कित्येक वर्षं ती मागच्या अंगाला, जिथे ऊनही येत नाही आणि वाराही येत नाही अशा खिडकीत बसून पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारते आहे. त्या वाचनालयाची एक फिरती व्हॅन आहे. आत दोन्ही बाजूंना पुस्तकांचे कप्पे, मागे एक घडीची शिडी. ती व्हॅन घेऊन गावाबाहेरच्या वस्त्यांवर, दवाखान्यांत, वृद्धाश्रमांत जायचं आणि लोकांना पुस्तकं द्यायची, असं ते काम. व्हॅनवाले गृहस्थ निवृत्त होणार असं कळलं त्या संध्याकाळी ही घरी आली तीच मुळी चपला न काढता स्वयंपाकघरात शिरली आणि म्हणाली, "अहो, मला ती व्हॅन हवीय."

लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने 'मला हवंय' असं फार थोड्या वेळा म्हटलं आहे. त्यात एकदा तर ते वाक्य 'मला जरा शांतता हवीय' असं होतं, तेव्हा ते मी धरत नाही.

अडचण एकच, तिच्याकडे गाडीचं लायसन्स नव्हतं. आणि दुसऱ्या उमेदवाराकडे होतं. हा दुसरा उमेदवार म्हणजे तिच्याच विभागातला एक सहकारी. त्याला आम्ही घरात 'उंचीवाले' म्हणतो, कारण तो पुस्तकं विषयवार न लावता उंचीप्रमाणे लावतो. दिसायला बरं दिसतं म्हणे. "तो व्हॅनमध्येसुद्धा उंचीप्रमाणे लावेल हो!" असं म्हणताना हिचे डोळे भरून आले होते. थोरल्या साहेबांनी सांगितलं होतं, निर्णय होण्याआधी लायसन्स दाखवा, व्हॅन तुमची. नाही तर उंचीवाल्यांची.

मी लगेच शिकवायला घेतलं. आमच्याकडे एक जुनी पिस्ता रंगाची गाडी आहे. तिचं नाव डबी. डबीच्या गिअरची मूठ कधीच निघाली, तिथे मी रबरी चेंडू बसवला आहे. तिचा दुसरा गिअर सरळ पडत नाही. आधी आपण तिसऱ्याकडे निघालोय असं तिला भासवायचं आणि ऐन वेळी मनगट वळवून खाली ओढायचं. ही कला फक्त मला येते. मी पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. बाहेर मला कोण विचारतो? पण डबीच्या दुसऱ्या गिअरच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा आहे.

तर पहिल्या परीक्षेला ही नापास झाली. चढावर गाडी बंद पडली. मी मैदानाच्या कुंपणापाशी उभा राहून तिला धीर देत होतो. "क्लच! क्लच! अगं, दुसरा! मनगट! मनगट!" एवढंच म्हणत होतो. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी शेऱ्यात काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, पण लिहिताना त्या बाईंनी गाडीकडे न बघता माझ्याकडे बघितलं. दोष अर्थात गिअरचा होता.

त्याच आठवड्यात मेहुणा आला. याचं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान आहे. जगातल्या जेवढ्या म्हणून जमिनीला पोट घासत धावणाऱ्या महागड्या गाड्या आहेत, त्या सगळ्यांचं गोत्र याला तोंडपाठ. स्वतः चालवतो स्कूटर, तीही बिनगिअरची. पण हे त्याला म्हणायची सोय नाही. बायकोचा भाऊ.

"दाजी," तो पोह्यांच्या बशीतून मान वर न काढता म्हणाला, "तुमचा तो दांडा आता म्युझियममध्ये ठेवा. सुपरकारला दांडा नसतोच. स्टिअरिंगच्या मागे दोन पाती असतात, पॅडल म्हणतात. उजवं ओढलं की वरचा गिअर, डावं ओढलं की खालचा. हात स्टिअरिंगवरून हलवायचाच नाही."

"आणि क्लच?" ही एकदम पुढे सरकून बसली.

"क्लच गाडीचा गाडी बघते, ताई. पापणी लवायच्या आत गिअर बदललेला असतो. दाजी दांड्याकडे हात नेतात ना, तेवढ्यात ती गाडी दोन गिअर बदलून पुढच्या वळणावर गेलेली असते."

आता माझा हात मध्ये आणायचं काही कारण होतं का? मी म्हटलं, "हाताने टाकलेल्या गिअरात जीव असतो. पात्यात काय आहे? बटण दाबून दिवा लावल्यासारखं."

"जीव असतो, कबूल. म्हणून तर जिवाला लागतं," असं म्हणून मेहुण्याने मोबाइलवर एक चित्रफीत लावली. पिवळीधमक गाडी, काळे हातमोजे घातलेला माणूस, बोट किंचित हललं की नुसता 'टक्' आवाज. खड्डा नाही, गचका नाही. मी मनातल्या मनात खजील झालो. पण हिचा चेहरा! फुलांच्या दुकानासमोर उभं राहावं तसा तो चेहरा झाला होता. "असं असतं तर मी पास झाले असते," एवढंच ती म्हणाली आणि बशा उचलून आत गेली.

बस, ते वाक्य मला लागलं. पॅडलवाली गाडी काही आपण सात जन्मांत घेणार नव्हतो. पण पॅडल? पॅडल म्हणजे शेवटी काय? एक पातं. ते ओढलं की कुणीतरी आतल्या आत गिअर बदलतो. मग तो 'कुणीतरी' मी का असू नये?

कल्पना माझी, अंमलबजावणी लिफ्टवाल्या काकांची. काका आमचे शेजारी. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, त्यामुळे त्यांना जगातला प्रत्येक प्रश्न वर जायचा आहे की खाली एवढाच दिसतो. मी त्यांना सांगितलं तसे ते उजळलेच. "सोपं आहे हो! गिअर म्हणजे मजलेच की. उजवीकडे वर, डावीकडे खाली. दार नीट लागलंय ना तेवढं बघायचं."

दुपारभर खपून काकांनी डबीच्या स्टिअरिंगमागे दोन डाव बसवले. आधी चमचे बसवले होते, ते बोटात येईनात, म्हणून वाढायचे डाव. उजव्या डावाला तार जोडून आमच्या घराची बॅटरीवरची बेल, डाव्याला काकांच्या घरची. आमची वाजते 'टिंगटाँग' आणि काकांची चिमणीसारखी चिवचिवते. पद्धत अशी, की हिने क्लच दाबायचा आणि उजवा डाव ओढायचा. टिंगटाँग झालं की शेजारी बसलेल्या मी वरचा गिअर टाकायचा आणि 'पडला' म्हणायचं. मग तिने क्लच सोडायचा. चिमणी बोलली की खालचा गिअर.

"आणि व्हॅनला?" हिने विचारलं. "व्हॅनला कोण डाव लावणार आहे? तिथेही दांडाच आहे."

"आधी लायसन्स तर मिळू दे, मग बघू," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर व्हॅनचा विचार मी केला होता. व्हॅनमध्येसुद्धा ड्रायव्हरच्या शेजारी एक सीट असते. निवृत्त झाल्यापासून मी सकाळी तिला दारापर्यंत पोचवतो, मग सगळं घर खायला उठतं. पेपर संपतो, कोडं संपतं, आणि घड्याळात बघावं तर ती अजून वाचनालयात पोचलीसुद्धा नसेल. आता व्हॅन मिळाली म्हणजे ती गावोगाव फिरणार आणि मी गॅलरीत. तेव्हा कुणाला तरी गिअर टाकायला माणूस लागला तर बरंच होतं. हे मी तिला बोललो नाही. हेडक्लार्कला असं बोलता येत नाही.

सराव इमारतीच्या आवारात सुरू झाला. पहिल्याच फेरीला एक तांत्रिक त्रुटी लक्षात आली. आमच्या सोसायटीने काकांची सोडून बाकी सगळ्यांच्या बेल एकाच दुकानातून घाऊक घेतल्या होत्या. सगळ्या घरांची टिंगटाँग एकच. हिने पहिल्यावरून दुसरा मागितला, आणि तळमजल्याच्या आजींनी दार उघडलं. तिसरा मागितला, पहिल्या मजल्यावरची तीन दारं उघडली. आजी तर बिचाऱ्या प्रत्येक गिअरला उठून यायच्या, इकडेतिकडे बघायच्या, "मेल्यांनो, बेल वाजवून पळता काय!" म्हणायच्या आणि पुन्हा आत जायच्या. शेवटी त्यांनी दारातच खुर्ची टाकली. मग खुर्चीत बसून सल्ले सुरू झाले. "बाई गं, त्याच्या भरवशावर बसू नकोस, त्याला लिफ्टचं बटणसुद्धा नीट दाबता येत नाही." हा आरोप जुना आणि निराधार आहे.

मेहुणा मोबाइलवर वेळ मोजायला हजर होता. सुपरकार, पापणी लवायच्या आत. आम्ही, पापणी लवून, चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून झाल्यावर. "दाजी, तुम्ही बेल ऐकता, मग विचार करता, मग चेंडू शोधता," तो म्हणाला. "त्या गाड्यांत काय असतं माहितीय? दोन क्लच. एका गिअरवर गाडी चाललेली असते तेव्हा पुढचा गिअर दुसऱ्या क्लचवर आधीच तयार असतो. ड्रायव्हरला काय हवंय ते गिअरबॉक्सने आधीच ओळखलेलं असतं."

हे मला पटलं. माणूस काय हवं ते मागणार, मग आपण देणार, यात काय मोठेपणा? मागायच्या आत देतो तो खरा. नवऱ्याचं कामच ते! तेव्हापासून मी हिला काय हवंय ते आधी ओळखायला लागलो. तिने क्लचवर पाय ठेवायचा अवकाश, की माझा गिअर पडलेला. कधीकधी तिने पाय ठेवायच्या आधीसुद्धा. तेव्हा डबीतून असा काही आवाज यायचा, की आजी खुर्चीवरून उठून आत जायच्या. एकदा मी चौथा ओळखला आणि तिच्या मनात थांबायचं होतं. सोसायटीच्या पत्रपेट्या अजून जरा कलत्या आहेत. एकदा खड्ड्यात चाक गेलं, त्या धक्क्याने चिमणी आपण होऊन चिवचिवली आणि मी प्रामाणिकपणे गाडी पहिल्यात टाकली. मेहुण्याचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. सीटकव्हर त्याच्याच दुकानातलं होतं, म्हणून निभावलं.

ही मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. "मला काय हवंय ते मला तरी ठरवू द्या हो," एकदा म्हणाली. मी म्हटलं, "अगं, तुला त्रास नको म्हणूनच." त्यावर तिने डबीचं दार जरा जोरातच लावलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी फलकावर 'आवारात वाहनाचे गिअर वाजवू नयेत' अशी सूचना लावली तीही त्याच दिवशी.

आणि मग उंचीवाले आले. घराला बेल नव्हती, ती गाडीत होती. ते बराच वेळ दार ठोठावून खाली आले आणि आजींनी त्यांना आवारात डबीपाशी आणून सोडलं. चेहऱ्यावर सहानुभूती, पण ओठांचे कोपरे वर. "साहेबांनी निर्णयाची तारीख अलीकडे आणलीय. परवा सकाळी कळवायचंय. तुमचं लायसन्स... झालं असेलच ना?" त्यांनी स्टिअरिंगमागचे डाव पाहिले, पण सभ्य माणूस, काही विचारलं नाही.

म्हणजे परीक्षा द्यायची तर दुसऱ्याच दिवशी. मी काकांना म्हटलं, हे डाव काढा. काका ताठ झाले. "काढा? लिफ्टमध्ये माणसं असतात हो. मी बसवलेली वस्तू निघत नाही." खरंच निघेनात. शेवटी डाव, बेल आणि चिमणी यांच्यासकट आम्ही परवाना कार्यालयात दाखल झालो.

खिडकीतल्या कारकुनाने बाहेर येऊन डबी पाहिली. "वाहनात फेरबदल दिसतोय. त्याला परवानगी लागते. मागची इमारत." मागच्या इमारतीतल्या साहेबांनी सांगितलं, "डाव म्हणजे फेरबदल नाही, ते सुटं सामान. सुट्या सामानाला परवानगी लागत नाही. पण परवानगी लागत नाही असं पत्र लागतं. पुढची इमारत." पुढच्या इमारतीत म्हणाले, हे आम्ही देतो, पण सामान सुटं करून दाखवा. मी चिडलो नाही. मी स्वतः हेडक्लार्क होतो; त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, फक्त पंखा बंद करून. पण ही बाकावर पर्स घट्ट धरून बसली होती, आणि तिच्याकडे बघून मला पहिल्यांदाच सरकारी कामाची भीती वाटली.

तेवढ्यात त्याच परीक्षा घेणाऱ्या बाई बाहेर आल्या. "गाडी चालते का? ब्रेक लागतात का? मग आणा मैदानात," म्हणाल्या. ही ड्रायव्हरच्या जागी बसली. मी नेहमीप्रमाणे शेजारी बसलो, पट्टा लावला, चेंडूवर हात ठेवला. बाई डाव्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही?"

त्या प्रश्नाचं काय उत्तर द्यायचं हे मी ठरवलंच नव्हतं. इतके दिवस सगळा विचार केला, पण ही सीट परीक्षा घेणाऱ्याची असते, हे माझ्यासारख्या मुरलेल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. तोंडातून जे खरं होतं ते गेलं.

"मॅडम, मी गिअरबॉक्स आहे."

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग डावांकडे, मग चेंडूकडे. अशा नोकरीत माणूस काय काय बघत असेल कोण जाणे. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग गिअरबॉक्सने खाली उतरावं आणि त्या बाकावर बसावं. तोंड न उघडता."

मी हिच्याकडे बघितलं. म्हटलं, आता ही म्हणेल, नको, राहू द्या त्यांना. ती समोर बघत होती. "उतरा," ती हळूच म्हणाली. "जाईल सगळं नीट."

मी उतरलो. काय सांगू, भरल्या मैदानात एवढा रिकामा मी कधी झालो नव्हतो. बाकावर एक छत्रीवाले गृहस्थ बसले होते, त्यांच्या शेजारी बसलो. ओरडायचं नव्हतं, म्हणून दात आवळले. डबी निघाली. मैदानाच्या त्या टोकाकडून आवाज आला, टिंगटाँग! आणि माझा हात आपण होऊन पुढे गेला आणि त्या गृहस्थांच्या छत्रीची मूठ तिसऱ्याकडे नेऊन खाली ओढली. "अहो!" ते ओरडले. मी म्हटलं, "पडला."

पुन्हा कान टवकारून बसलो. आता चढ येणार. बाईंनी पायथ्याशी डबी थांबवून पुन्हा पहिल्यातून निघायला लावली. आता दुसरा हवा, म्हणजे पुन्हा बेल वाजायला हवी. वाजली नाही. मी उठून उभा राहिलो. बेलची बॅटरी गेली की काय? मनगट! मनगट कोण सांगणार तिला? डबी चढाला लागली. लांबून मला तिचा डावा हात दिसला. तिने तो स्टिअरिंगवरून काढला, दोन बोटांनी चेंडू धरला आणि सरळ मागे ओढला. सरळ! तिसऱ्याकडे जायचं नाटक नाही, मनगट नाही, काही नाही. दुसरा पडला. मला तो ऐकू आला. इतकी वर्षं त्या गाडीत घालवली, मला तिचा श्वास कळतो. असा गिअर माझ्या हातून कधी पडला नव्हता. डबी कुरकुरलीसुद्धा नाही. चढ चढून वर गेली, वळली, उतरली, थांबली. त्यानंतर एकदाही बेल वाजली नाही.

पापणी लवायच्या आत वगैरे काही नव्हतं. तिने तिला हवा तेवढा वेळ घेतला होता.

ती उतरली ती हसतच. माझ्याकडे पळत आली. या वयात, परवाना कार्यालयाच्या आवारात, पळत! "झाले हो! झाले पास!" मला आनंद झाला. खरंच झाला. पण आत कुठेतरी चिमणीएवढं काहीतरी हळहळलंही. ते त्या छत्रीवाल्या गृहस्थांना दिसलं असावं, कारण त्यांनी छत्री दुसऱ्या बाजूला ठेवून माझ्या पाठीवर थोपटलं.

लायसन्स साहेबांसमोर ठेवलं गेलं, व्हॅन हिला मिळाली. उंचीवाले अभिनंदन करून गेले आणि जाताना आमच्या कपाटातली चार पुस्तकं उंचीप्रमाणे लावून गेले. काकांनी बेल तेवढ्या परत घरांना लावल्या. डाव आहेत तिथेच आहेत.

पहिल्या दिवशी सकाळी मी तिला दारापर्यंत पोचवलं. "येते हं," म्हणाली आणि गेली. मी पेपर घेतला, ठेवला. कोडं घेतलं, ठेवलं. मग बेल वाजली. टिंगटाँग. माझा हात पेपरातून उठून हवेत तिसऱ्याकडे गेला, तो मी खाली घेतला आणि दार उघडलं. दारात ही. खाली रस्त्यावर व्हॅन उभी, इंजिन चालू.

"काही विसरलीस?" मी विचारलं.

"हो. चला."

"मी? मी काय करू तिथे? गिअर तर तू..."

"शिडी कोण लावणार? म्हाताऱ्या माणसांना पुस्तकं वाचून कोण दाखवणार? साहेबांना विचारलंय मी. पण एक अट आहे." तिने खाली नेऊन मला व्हॅनच्या शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि पुस्तकांची एक जाडजूड चळत माझ्या दोन्ही हातांत दिली. "हे धरायचं. सोडायचं नाही. पडली तर बघा."

व्हॅन निघाली. पहिला. दारातल्या खुर्चीतून आजी हात करत होत्या. रस्ता मोकळा होता, इंजिन जरा वरच्या सुरात बोलायला लागलं, आता दुसरा हवा, आत्ता, या क्षणी हवा, हे मला कळत होतं. हात शिवशिवले. पण हातांत हनुवटीपर्यंत पुस्तकं होती. मी जीभ चावून समोर बघत बसलो.

तिने माझ्याकडे एक तिरकी नजर टाकली. ओठ घट्ट मिटून हसू आवरत ती म्हणाली, "टिंगटाँग," आणि सावकाश, स्वतःच्या हाताने दुसरा टाकला.

"पडला," मी म्हणालो.